पंचावन्न पौंडांचा सॅक्सोफोन

१५ मे १९५३ च्या रात्री कॅनडातील टोरोंटो शहरी, मॅसी हॉल नावाच्या जुन्या सभागृहात पाच अमेरिकन वादक एकत्र आले. ट्रंपेटवर डिझी गिलेस्पी, पियानोवर बड पॉवेल, डबल बेसवर चार्ल्स मिंगस, ड्रमवर मॅक्स रोच आणि आल्टो सॅक्सोफोनवर चार्ली पार्कर. जाझ संगीतात याहून मोठी पाच नावे त्या काळी एका रंगमंचावर आणणे कठीणच होते. तरीही सभागृह भरले नाही. त्याच रात्री शिकागोत रॉकी मार्सियानो आणि जर्सी जो वॉलकॉट यांची मुष्टियुद्धाची लढत होती आणि पुष्कळांचे चित्त तिकडे लागले होते. जे थोडे रसिक आले त्यांना एक चमत्कारिक दृश्य पाहावयास मिळाले. पार्करच्या गळ्यात नेहमीचे झळाळते पितळी वाद्य नव्हते. दुधाच्या सायीच्या रंगाचा, प्लास्टिकचा सॅक्सोफोन होता. त्याचे स्वतःचे वाद्य त्या वेळी गहाण पडले होते असे कोणी सांगतात, कोणी करारमदाराचे कारण देतात. कारण काहीही असो, त्या रात्रीचे ध्वनिमुद्रण आज उपलब्ध आहे आणि ते डोळे मिटून ऐकणाऱ्याला वाद्य कशाचे आहे याची शंकाही येत नाही.

त्या वाद्याचे नाव ग्राफ्टन. लंडनमध्ये तयार होणाऱ्या या सॅक्सोफोनची किंमत पंचावन्न पौंड होती, म्हणजे चांगल्या पितळी आल्टोच्या सुमारे निम्मी. ज्याच्यापाशी हात तयार आहे, कान तयार आहे, परंतु पैसा बेताचा आहे अशा वादकासाठी ते बनविले गेले होते. असा वादक म्हणजे बहुधा क्लॅरिओनेट वाजविणारा. आल्टो सॅक्सोफोनच्या इतिहासात हा मनुष्य पदोपदी भेटतो. किंबहुना त्याला वगळले तर हा इतिहास उरतच नाही. म्हणून ग्राफ्टनची कथा सांगावयाची तर शंभर वर्षे मागे जाऊन क्लॅरिओनेटपासूनच आरंभ करणे प्राप्त आहे.

सॅक्सोफोनचा जनक अडॉल्फ सॅक्स याचा जन्म ६ नोव्हेंबर १८१४ रोजी, आजच्या बेल्जियममधील दिनां या गावी झाला. वडील शार्ल-जोझेफ सॅक्स हे वाद्ये घडविणारे कारागीर होते. मुलगा ब्रुसेल्सच्या संगीत विद्यालयात बासरी आणि क्लॅरिओनेट शिकला आणि वडिलांच्या कारखान्यात हत्यारे चालवू लागला. त्याचे पहिले मोठे काम क्लॅरिओनेटवरचेच आहे. १८३८ साली त्याने खर्जातल्या क्लॅरिओनेटची, म्हणजे बास क्लॅरिओनेटची, इतकी चांगली सुधारणा केली की आजचे ते वाद्य पुष्कळ अंशी त्याचेच आहे. वाजविणारा आणि घडविणारा एकच असला म्हणजे वाद्याचे कोठे दुखते हे त्याला दुसऱ्याने सांगावे लागत नाही.

त्या काळच्या लष्करी बँडचे दुखणे असे होते की पितळी वाद्ये मैदानात दूरवर ऐकू जात, परंतु त्यांची बोटे जड. लाकडी वाद्ये चपळ, परंतु उघड्या हवेत त्यांचा आवाज विरून जाई. सॅक्सने यावर शोधलेला तोड ऐकायला फार सोपा वाटतो. त्याने क्लॅरिओनेटचा एका रीडचा माउथपीस घेतला आणि तो मुखाकडून कर्ण्याकडे रुंदावत जाणाऱ्या पितळी नळीला लावला. १८४२ साली तो पॅरिसला आला. त्याच वर्षी संगीतकार बर्लियोझ याने एका प्रमुख दैनिकात लेख लिहून या नव्या स्वराची मुक्तकंठाने प्रशंसा केली आणि १८४६ साली सॅक्सला त्याचे पेटंट मिळाले. त्याने वाद्यांच्या दोन मालिका योजल्या होत्या. एक वाद्यवृंदासाठी, दुसरी लष्करी बँडसाठी. आज सर्वत्र दिसणारा आल्टो हा दुसऱ्या मालिकेतला, म्हणजे शिपायांसाठी केलेला.

सॅक्सला मात्र या वाद्याने सुख दिले नाही. पॅरिसच्या इतर वाद्यकारांनी एकजूट करून त्याच्यावर खटल्यांमागून खटले भरले. १८५२, १८७३ आणि १८७७ अशी तीन वेळा त्याच्यावर दिवाळखोरीची पाळी आली आणि १८९४ साली तो दारिद्र्यातच निवर्तला. पॅरिसच्या संगीत विद्यालयात लष्करी वादकांसाठी १८५७ पासून त्याने चालविलेला सॅक्सोफोनचा वर्गही १८७० च्या युद्धानंतर बंद झाला होता.

क्लॅरिओनेटवादकाला हे नवे वाद्य किती ओळखीचे आणि किती परके, हा प्रश्न येथे उलगडून पाहिला पाहिजे, कारण पुढची सारी खरेदी-विक्री त्यावरच उभी आहे. क्लॅरिओनेटची नळी आतून वेळूच्या पेरासारखी सारख्या व्यासाची असते. तिच्यावर मध्य षड्जाची बोटे ठेवून अंगठ्याने मागची चावी दाबली तर तार षड्ज येत नाही, त्याच्याही पुढचा तार पंचम येतो. त्यामुळे वादकाला खालच्या पट्टीसाठी एक आणि वरच्या पट्टीसाठी दुसरी अशा दोन बोटव्यवस्था पाठ कराव्या लागतात. सॅक्सोफोनची नळी शंकूसारखी, सनईच्या नळीसारखी. या बाबतीत तो क्लॅरिओनेटपेक्षा सनईचा जवळचा नातलग ठरतो. येथे मध्य षड्जाच्याच बोटांवर चावी दाबली की तार षड्ज येतो आणि एकच बोटव्यवस्था दोन्ही सप्तकांना पुरते. ही बोटव्यवस्था क्लॅरिओनेटच्या वरच्या पट्टीशी इतकी मिळतीजुळती आहे की जाणता क्लॅरिओनेटवादक पहिल्याच दिवशी आल्टोवर सोपी चाल वाजवून दाखवितो. लिपीही तीच. फरक एवढाच की नेहमीचे क्लॅरिओनेट काळी पाचचे आणि आल्टो काळी दोनचा. कागदावरचा एकच स्वर दोघांवर निरनिराळ्या उंचीचा निघतो.

परंतु पहिल्या दिवसाचा हा आनंद फसवाही असतो. क्लॅरिओनेटला ओठांची घट्ट पकड लागते. तीच पकड आल्टोवर ठेवली की स्वर चढतो आणि चिरका होतो. सॅक्सोफोनचे शिक्षक यासाठी एक परीक्षा घेतात. आल्टोचा नुसता माउथपीस तोंडात धरून फुंकावयास सांगतात. सैल, मोकळ्या ओठांनी त्यातून पांढरी सहाच्या आसपासचा स्वर निघाला पाहिजे. क्लॅरिओनेटच्या सवयीने आलेल्या माणसाचा स्वर बहुधा त्याच्या बराच वर जातो. दुसरी गोष्ट बोटांची. क्लॅरिओनेटची मुख्य छिद्रे बोटाच्या पेराने झाकतात. छिद्र नीट झाकले गेले नाही तर बोटालाच कळते. आल्टोची छिद्रे मोठी, ती चामड्याच्या पॅडनी झाकली जातात आणि ते पॅड दांड्या, चाव्या व स्प्रिंगा यांच्या जाळ्यावर हलतात. एखादा पॅड किंचित उचललेला असला तर बोटाला काहीच समजत नाही. स्वर मात्र अडखळतो, विशेषतः खर्जात. नवखा मनुष्य अशा वेळी स्वतःच्या फुंकीला दोष देतो आणि ओठ आणखी आवळतो. स्वस्त आल्टोचा खरा धोका येथे आहे. तो धातूत नाही, या चाव्यांच्या जाळ्यात आहे.

सॅक्सच्या पेटंटची मुदत १८६६ साली संपली आणि इतर कारखान्यांना दारे उघडली. त्यांत क्लॅरिओनेटसाठी नावाजलेले बुफे हे घराणेही होते. मात्र सॅक्सोफोन सामान्य माणसाच्या हाती दिला तो अमेरिकेने. इंडियाना राज्यातील एल्कहार्ट या गावी कॉन याच्या कारखान्यात १८८० नंतरच्या दशकात पहिले अमेरिकन सॅक्सोफोन तयार झाले. तेथेच काम करणारा बुशर पुढे स्वतंत्र झाला आणि मार्टिन हे तिसरे नाव त्याच गावात वाढले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नृत्यसंगीताची लाट उसळली आणि १९२० नंतरच्या दहा वर्षांत सॅक्सोफोन हे घराघरांतले वेड झाले. पूर्वी नळीला प्रत्येक छिद्राची कड वेगळी करून झाळावी लागे. आता कॉनच्या कारखान्यात नळीच्या पत्र्यातूनच ती कड यंत्राने ओढून काढू लागले. वाद्ये हप्तेबंदीने मिळू लागली. मालाच्या सूचिपत्रांतून विकणारी मोठी दुकाने एल्कहार्टच्या कारखान्यांकडून वाद्ये करवून घेत आणि त्यांच्या कर्ण्यावर आपले नाव कोरीत. त्यामुळे त्या काळच्या जुन्या वाद्यावर कोरलेले नाव पुष्कळदा विकणाऱ्याचे असते, घडविणाऱ्याचे नव्हे. अनोळखी नावाच्या कर्ण्याखाली बुशरचे उत्तम काम दडलेले असू शकते, हे जुन्या बाजारातल्या जाणकारांना ठाऊक असते.

या लाटेत क्लॅरिओनेटवादकाची स्थिती विलक्षण झाली. नृत्याच्या बँडमध्ये रीडच्या वाद्यांची रांग असे आणि त्या रांगेत बसणाऱ्याने आल्टोही वाजवावा, प्रसंगी क्लॅरिओनेटही उचलावे अशी मालकांची अपेक्षा असे. दोन वाद्ये येणाऱ्याला काम, एकच येणाऱ्याला नकार. वर्षानुवर्षे क्लॅरिओनेटवर घासलेल्या वादकांना पोटासाठी दुसरे वाद्य घ्यावे लागले आणि ते पदरच्या पैशांनी घ्यावे लागले. त्यांतूनच मोठी माणसे निर्माण झाली. सॅक्सोफोनच्या वेडाचा पहिला नायक रुडी वीडॉफ्ट हा मुळात क्लॅरिओनेटवादक. न्यू ऑर्लिन्सचा सिडनी बेशे हा १९२० साली लंडनमध्ये असताना त्याला एक सरळ सोप्रानो सॅक्सोफोन मिळाला आणि क्लॅरिओनेट हळूहळू मागे पडले. पुढच्या पिढीतला पॉल डेझमंड शाळेत क्लॅरिओनेट शिकला आणि १९४३ साली आल्टोकडे वळला. त्याच्या आल्टोचा नितळ, हलका स्वर ऐकताना आरंभीच्या त्या क्लॅरिओनेटची आठवण व्हावी हे स्वाभाविक आहे, मग तो संबंध खरा असो वा श्रोत्याच्या मनाचा.

त्या दशकाने पुढच्या गरजू वादकांसाठी काही सापळेही मागे ठेवले. पहिला सापळा पांढरी एकच्या सॅक्सोफोनचा. घरच्या पियानोबरोबर गाण्याची लिपी बदलल्याशिवाय वाजविता यावे म्हणून अमेरिकेत 'सी मेलडी' या नावाने असे सॅक्सोफोन भरपूर खपले. १९२९ च्या मंदीबरोबर त्यांचे उत्पादन थांबले, पण ते नाहीसे झाले नाहीत. आकाराने ते आल्टो आणि टेनर यांच्या मधले; नवख्याला थोडा मोठा आल्टोच वाटावा असे. स्वस्तात मिळाला म्हणून आनंदाने घरी आणावा आणि बँडमध्ये बसल्यावर आपला प्रत्येक स्वर इतरांहून वेगळा निघतो आहे असे कळावे, ही फजिती पुष्कळांची झाली आहे. दुसरा सापळा याहून कपटी. त्या काळापर्यंत बँडमध्ये मूळ स्वराची उंची एक नव्हती. आज सर्वमान्य असलेल्या उंचीपेक्षा जवळजवळ अर्ध्या स्वराने चढी अशी एक दुसरी उंची प्रचारात होती आणि वाद्ये दोन्ही उंचींची बनत. अशा चढ्या वाद्याचा माउथपीस कितीही बाहेर ओढला तरी सारे स्वर एकमेकांशी जुळत नाहीत, कारण छिद्रांमधली अंतरेच निराळी असतात. वाद्यावरच्या क्रमांकाजवळ कोरलेले एखादे इंग्रजी अक्षर, 'लो'चे एल किंवा 'हाय'चे एच, एवढीच त्याची खूण.

इकडे फ्रान्समध्ये सेल्मर बंधूंनी १९२२ च्या आरंभी आपला पहिला सॅक्सोफोन बाजारात आणला. आंरी आणि अलेक्सांद्र सेल्मर हे दोघेही पेशाने क्लॅरिओनेटवादक. अलेक्सांद्र तर अमेरिकेतल्या मोठ्या वाद्यवृंदांत वाजवून आलेला. १९२९ साली त्यांनी सॅक्स घराण्याचा कारखानाही विकत घेतला. १९३६ च्या सुमारास आलेल्या त्यांच्या नव्या वाद्यात चाव्या हाताच्या नैसर्गिक ठेवणीनुसार बसविल्या होत्या आणि १९५४ साली आलेला 'मार्क सहा' हा तर पुढच्या सर्व कारखान्यांनी समोर ठेवलेला नमुना झाला. हे सारे उत्तम होते आणि महाग होते.

या महागाईच्या पार्श्वभूमीवर ग्राफ्टनचा जन्म पाहिला पाहिजे. महायुद्धानंतरचे इंग्लंड काटकसरीत दिवस काढीत होते आणि बाहेरची वाद्ये मिळणे दुर्घट झाले होते. अशा वेळी लंडनमध्ये स्थायिक झालेला हेक्टर सोमारुगा हा इटालियन कारागीर आल्टोचा देह प्लास्टिकमध्ये ओतण्याच्या कल्पनेने झपाटला. १९५० साली उत्पादन सुरू झाले. साच्यातून निघालेला सायीच्या रंगाचा अंगभाग आणि त्यावर पितळी चाव्या असे ते रूप होते. इंग्लंडचा तरुण आल्टोवादक जॉन डँकवर्थ ते वाजवून दाखवी. ग्राफ्टनचा फक्त आल्टोच निघाला; त्याहून मोठा टेनर करणे त्या काळच्या प्लास्टिकला झेपण्यासारखे नव्हते.

ग्राफ्टन चांगला होता काय, याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. स्वराच्या दृष्टीने तो लज्जास्पद मुळीच नव्हता. मॅसी हॉलचे ध्वनिमुद्रण हा त्याचा पुरावा. नळीच्या आतल्या पोकळीचा आकार, माउथपीस, रीड आणि वाजविणाऱ्याचे तोंड यांच्यापुढे नळी कशाची आहे या गोष्टीला फारच थोडे महत्त्व उरते. पितळ, रुपे, सोन्याचा मुलामा यांविषयी वादक मंडळी तासन्‌तास वाद घालतात, परंतु पार्करने एका रात्रीत त्या वादातली बरीचशी हवा काढून घेतली. वाद्य म्हणून वापरताना मात्र ग्राफ्टन दुबळा होता. हातातून पडला की पितळी सॅक्सोफोनला पोचा येतो आणि तो ठोकून काढता येतो. ग्राफ्टनला तडा जाई. चाव्यांच्या स्प्रिंगांची रचना नेहमीपेक्षा वेगळी असल्याने सामान्य दुरुस्तीवाला त्याला हात लावण्यास कचरे आणि चाव्यांचा हातही काहीसा मऊ, गुळमुळीत लागे. सुमारे दहा वर्षांनी उत्पादन थांबले. उरल्यासुरल्या भागांतून शेवटची काही वाद्ये १९६७ च्या सुमारास जुळविण्यात आली आणि १९६८ साली साचे व यंत्रे मोडीत विकली गेली. स्वस्त वाद्य घेणाऱ्याने वाचविलेले पैसे त्याच्या दुरुस्तीत जातात, हा अनुभव ग्राफ्टनच्या आधीही होता आणि नंतरही आहे.

ग्राफ्टनशी ज्याचे नाव कायमचे जोडले गेले तो वादक पार्कर नव्हे, ऑर्नेट कोलमन. टेक्सासमधल्या फोर्ट वर्थचा हा गरीब घरातला तरुण १९५४ साली लॉस एंजलिसमध्ये होता. त्याला नव्या वाद्याची निकड होती आणि खिशात पैसे थोडे. दुकानदाराने त्याच्यापुढे दोन वाटा ठेवल्या असे म्हणता येईल. जेवढ्या किमतीत जुना सेल्मर, तेवढ्याच किमतीत नवाकोरा प्लास्टिकचा आल्टो. कोलमनला तो आरंभी आवडला नाही, तरी नवे वाद्य असलेले बरे म्हणून त्याने घेतला. पुढे त्यावर त्याचे इतके मन बसले की १९५९ साली निघालेल्या त्याच्या गाजलेल्या तबकडीच्या वेष्टनावर तोच पांढरा सॅक्सोफोन हाती घेऊन तो उभा आहे. जाझच्या व्याकरणाला त्या तबकडीने जो धक्का दिला त्याचा इतिहास वेगळा सांगितला पाहिजे. येथे एवढेच म्हणावयाचे की व्यवहारी सल्लागाराने त्याला जुना सेल्मरच घ्यावयास सांगितले असते, आणि तो सल्ला चुकीचा नसता.

कारण जुने पण दुरुस्त होण्यासारखे वाद्य की नवे पण कच्च्या बांधणीचे, हा पेच ग्राफ्टनबरोबर संपला नाही. तो सुटू लागला जपानमध्ये. पियानो आणि हार्मोनियमसारख्या वाद्यांवर वाढलेल्या यामाहा कारखान्याने १९६७ साली आपले पहिले सॅक्सोफोन काढले आणि पुढे विद्यार्थ्यांसाठी अशी वाद्ये आणली की ज्यांच्या चाव्या एकसारख्या काटेकोर बसलेल्या असत. यंत्राने नेमकेपणा साधला गेला आणि किंमत आटोक्यात राहिली. झगमगाट मात्र कमी. शाळांच्या बँडमध्ये पंचवीस-तीस वर्षे हाताळला गेलेला यामाहाचा विद्यार्थी-आल्टो आजही नवे पॅड घालून सहज कामाला लागतो. तैवानमधल्या हौली गावाची गोष्ट याहून रंजक आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या सुमारास तेथल्या चांग लिएन-चांग या चित्रकाराने आगीत होरपळलेला एक सॅक्सोफोन सुटा केला, त्याच्या भागांची चित्रे काढली आणि खटपटीने तसाच दुसरा बनविला. त्या एका खटपटीतून गावाचा धंदा उभा राहिला आणि हौलीचे सॅक्सोफोन जगभर निरनिराळ्या नावांनी विकले जाऊ लागले. एल्कहार्टच्या कर्ण्यांवर परक्या दुकानांची नावे कोरली जात, त्याचीच ही पुनरावृत्ती. नंतर चीनमधल्या कारखान्यांनी किंमत आणखी खाली आणली. त्यांतली काही वाद्ये चांगली आहेत. अगदी स्वस्तात मिळणाऱ्या काहींच्या चाव्यांचे पितळ मात्र इतके मऊ असते की पेटीतून काढता-ठेवता त्या वाकतात आणि पॅड छिद्रावर बसेनासे होतात. क्लॅरिओनेटच्या अनुभवी माणसाने अशा वेळी आल्टोचा सर्वांत खालचा स्वर हळू फुंकून पाहावा. तो न दचकता उमटला तर बाकीची बरीच तपासणी झाली असे समजावे.

भारतात हे वाद्य आले ते प्रथम बँडमधून आणि हॉटेलांतल्या नृत्यसंगीतातून. १९३५ च्या सुमारास मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन अ‍ॅबीचा अमेरिकन बँड वाजू लागला, तेव्हा ऐकणाऱ्यांत गोव्याचे वादक होते. गोव्याच्या चर्चशी जोडलेल्या शाळांतून पोर्तुगीज अमदानीत मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी आणि बहुधा व्हायोलिन शिकविले जाई. त्या शिदोरीवर मुंबईस आलेला वादक पाहता पाहता दोन-तीन वाद्यांवर हात बसवी, कारण येथेही नियम तोच, दोन वाद्ये येणाऱ्याला काम. १९३९ पासून जवळजवळ दोन दशके ताजच्या बँडचे नेतृत्व मिकी कोरिया यांनी केले. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने हॉटेलांतली मिळकत आटू लागली तसे अनेक वादक चित्रपटांच्या स्टुडिओंकडे अधिकाधिक वळले. दिवसा व्हायोलिन, रात्री सॅक्सोफोन असे जगणारे गोमंतकीय त्या काळात थोडे नव्हते. गोव्यातल्या नेवरे गावचे ब्राझ गोन्साल्विस यांनी पुढे रागांच्या स्वरावलींवर आधारलेले जाझ वाजवून नाव मिळविले. चित्रपटसंगीतात आल्टोचा स्वर घराघरांत पोहोचविला तो मात्र कलकत्त्याहून १९५८ साली मुंबईस आलेल्या मनोहारी सिंग यांनी. बाटा कंपनीच्या बँडमध्ये बासरीवर तयार झालेले हे नेपाळी घराण्यातले वादक सॅक्सोफोनकडे नंतर वळले. १९६४ च्या 'कश्मीर की कली' चित्रपटातल्या 'है दुनिया उसी की' या गीतातला सॅक्सोफोन त्यांचा आहे.

लग्नाच्या वरातीपुढे चालणाऱ्या आपल्याकडच्या बँडमध्ये मुख्य चाल धरणारे वाद्य पिढ्यान्‌पिढ्या क्लॅरिओनेट हेच राहिले. सॅक्सोफोन जेथे आला तेथे तो त्याच वादकांच्या हाती आला. मात्र या वाद्यावर भारतीय गायकी प्रथम पूर्णपणे उतरविली ती क्लॅरिओनेटच्या वाटेने न आलेल्या एका माणसाने. मंगळूरजवळचे कद्री गोपालनाथ हे नागस्वरवादकाचे पुत्र. म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये त्यांनी सॅक्सोफोन ऐकला आणि वडिलांच्या वाद्याऐवजी तो हाती घेतला. नागस्वराची नळीही सनईसारखी शंकूच्या घाटाची असते. सप्तक ओलांडताना तीच बोटे पुरतात ही सॅक्सोफोनची खूण त्या घरात परकी नव्हती. गमकासाठी मात्र स्वरावरून स्वरावर घसरत जावे लागते आणि चाव्यांचे वाद्य तेथे आडवे येते. गोपालनाथांनी चाव्या-पॅडमध्ये आपल्याला हवे तसे फेरफार करून घेतले आणि वर्षानुवर्षांच्या मेहनतीने आल्टोला कर्नाटक संगीत शिकविले.

१९९४ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, बीबीसीच्या प्रॉमेनेड संगीतमालिकेत त्यांचे वादन झाले; त्या मालिकेत निमंत्रित झालेले ते पहिले कर्नाटक संगीतकार. त्याच वर्षी त्याच शहरात, क्रिस्टीज या लिलावघरात पार्करचा ग्राफ्टन विक्रीस निघाला. मूळ पंचावन्न पौंडांचे ते प्लास्टिकचे वाद्य पार्करच्या गावाने, कॅन्सस सिटीने, ९३,५०० पौंड मोजून घरी नेले. ते आता तेथल्या जाझ संग्रहालयात आहे.